एक हजार आठशे चौसष्ट वळणं

संजीवच्या उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासला जात होता, सेकंदाला चार ते पाच वेळा. हात मांडीवर सैल पडला की सुरू व्हायचं, त्याने चहाचा कप उचलला की थांबायचं. फेब्रुवारीत हे तो दमला असतानाच दिसायचं. आता सप्टेंबर संपत आला होता आणि रविवारच्या निवांत दुपारीही दिसत होतं.

रेवती आयर्लंडमधल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये बायोकेमिस्ट होती आणि तिचा नवरा संजीव तिथेच सर्जन. या थरथरीचं नाव दोघांनाही माहीत होतं, पण घरात ते अजून कुणी उच्चारलं नव्हतं. न्यूरॉलॉजिस्टला तो ईस्टरनंतर दाखवणार होता, मग जूनमध्ये, मग सुट्ट्या संपल्यावर. "काम करताना हात थांबतो ना, मग झालं तर," असं म्हणून तो विषय मिटवायचा. गेल्या गुरुवारी मात्र ऑपरेशन करताना त्याला एक टाका दोनदा घालावा लागला. पेशंटला काही झालं नाही. जेवताना हे त्यानेच हसत सांगितलं. उद्या सोमवार. त्याच्या यादीत चार ऑपरेशनं होती.

समोर अभिजित आणि उल्का बसले होते. पुण्यातल्या दिवसांपासूनचे मित्र, दोघंही सॉफ्टवेअरमधले, सकाळीच नासहून अडीच तास गाडी हाकत आले होते. नोव्हेंबरात चौघांनी मिळून थायलंडला जायचं होतं, म्यानमारच्या सीमेवरच्या मे हाँग सॉन या डोंगराळ प्रांतात. आज तिकिटं आणि विमा उरकायचा होता.

"हं, डॉक्टर, काढा तुमची पोथी," अभिजित म्हणाला.

संजीवने वही उघडली. "चियांग माईला गाडी घ्यायची. मग थाम लोदची गुहा. गुहेतूनच नदी वाहते, आपण बांबूच्या तराफ्यावर आणि पुढे कंदील घेतलेली बाई. मग मे हाँग सॉन गाव, तळ्याकाठी ब्रह्मदेशी धाटणीची दोन देवळं. सु तोंग पेला भातखाचरांवरून अर्धा किलोमीटर बांबूचा पूल आहे, पलीकडे मठ. आणि सीमेला अगदी खेटून बान राक थाई, युनानहून आलेल्या चिनी लोकांचं गाव, भोवती चहाचे मळे. परतताना डोंगरभर पिवळी रानटी सूर्यफुलं. ती नोव्हेंबरातच फुलतात."

"आणि वळणं किती म्हणालास?" उल्काने विचारलं.

"एक हजार आठशे चौसष्ट."

"अगं आई गं! मला वरंधा घाटात पिशवी लागते. गाडी कोण चालवणार?"

"मी," संजीव म्हणाला.

रेवतीने वही आपल्याकडे ओढली. पहिल्या दिवसाची अक्षरं त्याची नेहमीची, ठसठशीत होती. पुढे प्रत्येक ओळ शेवटाकडे बारीक होत गेली होती. सातव्या दिवसाचा मजकूर तिला चष्मा लावूनही धड वाचता येईना. अक्षर असं आक्रसत जाणं हेही त्याच आजाराचं लक्षण होतं.

"पण काय रे," उल्का म्हणाली, "हे तर तुमचं रिटायर झाल्यावरचं होतं ना? साठीनंतर महिनाभर राहणार होतात तिकडे. एवढी घाई कसली? पुढच्या वर्षी जाऊ की आरामात."

"पुढच्या वर्षी नाही." संजीवचा आवाज चढलाच. "याच वर्षी जायचं."

रेवतीने वहीवरून मान वर केली.

इतके दिवस रेवती स्वतःची समजूत घालत होती की तो मानायला तयार नाही, घाबरलाय, त्याला वेळ द्यावा. तसं नव्हतं. त्याला सगळं पुरतं ठाऊक होतं. पायांवर आणि हातांवर अजून किती दिवस भरवसा ठेवता येईल याचा अंदाज बांधून त्याने गुहा, पूल, घाट, सगळं अलीकडे ओढून घेतलं होतं. स्वतःच्या सहलीसाठी त्याने एवढा विचार केला होता. उद्या ऑपरेशनच्या टेबलावर झोपणाऱ्या चार पेशंटसाठी मात्र काहीच बदललं नव्हतं. आणि आपण तरी काय बदललं, तिच्या मनात आलं. आपण नुसती थरथर मोजत बसलो.

अभिजितने लॅपटॉप मांडीवर घेतला. "चला, विमा. आधीचे आजार. उल्का, थायरॉइड. मी, कोलेस्टेरॉल आणि बायको."

"गप रे!"

"रेवती?"

"काही नाही."

"डॉक्टरसाहेब? रोजचं औषध?"

"नाही."

"वर्षभरात हॉस्पिटलात होतात?"

"रोजच असतो."

अभिजित खो खो हसला. "पुढचा. निदान व्हायचं बाकी आहे अशी काही लक्षणं? म्हणजे डॉक्टरला अजून दाखवलं नाही असं काही?"

संजीवने उजवा हात मांडीखाली सारला. "नाही. मी एकदम ग्रँड."

"ग्रँड म्हणे! पक्का आयरिश झालास बघ." अभिजितचं बोट बटणाकडे गेलं.

"थांब, अभिजित," रेवती म्हणाली. "तिथे 'हो' लिही."

"रेवती." संजीव हलकेच म्हणाला. "आत्ता नको. हे गेल्यावर बोलू."

"सात महिने आपण नंतरच बोलतोय."

"अगं, सहलीचा फॉर्म आहे नुसता."

"मी फॉर्मबद्दल बोलतच नाहीये. सहलीला जाऊ आपण. गाडी अभिजित चालवेल."

उल्काने कप खाली ठेवला. "काय झालंय? सांगाल का कुणी?"

संजीव तिच्याकडे न बघता रेवतीला म्हणाला, "ऑपरेशनच्या वेळी हात थांबतो. तुला माहितीये."

"गुरुवारी थांबला नाही."

अभिजितने लॅपटॉप आवाज न करता मिटला.

लॅबमध्ये एखाद्या पेशंटचा आकडा धोक्याचा आला की रेवती तो दोनदा तपासायची आणि लगेच वॉर्डला फोन करायची. तिथे कुणी दुखावेल का याचा विचार नसे, फक्त शब्द नीट ऐकू गेले पाहिजेत. आता तिने तोच आवाज लावला.

"उद्याची ऑपरेशनं तू करायची नाहीत, संजीव. आज संध्याकाळी तू विभागप्रमुखांना फोन करून सगळं सांगायचं. तू नाही केलास, तर सकाळी सात वाजता मी करणार."