नं. २ चा शिक्का

साहेब, खोटं तुम्ही बोललात. माझ्या पाकिटावर तुमच्याच हिरव्या शाईत लिहिलेलं आहे, "दोन नंबरचा माल. जप्त." खाली तुमची सही. पाच आठवडे झाले, मी ती सही आतून बघते आहे. आतून ती उलटी दिसते. सुलटी असती तरी मी तिच्यावर विश्वास ठेवला नसता.

मित्रांनो, मी एक जुनी सीडी आहे, ट्रक चालवायच्या गेमची. शहाणे लोक मला सीडी म्हणू नये असं सांगतील, पण आपल्याकडे गोल आणि चकचकीत दिसलं की ती सीडीच. सध्या माझा मुक्काम जळगावातल्या एका शाळेत, मुख्याध्यापक साहेबांच्या काचेच्या कपाटात आहे. माझ्या पाकिटाला गोल प्लास्टिकची खिडकी आहे. तिच्यातून मला साहेबांचं टेबल दिसतं आणि बोलणं तर सगळंच ऐकू येतं. साहेबांचं नाव मी घेणार नाही. त्यांना ते माहीत आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. आम्ही हजारो बहिणी एका साच्यातून गरम गरम बाहेर पडलो. मग आम्हाला डबीत घातलं आणि डबीच्या पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ छापली. तिचा अर्थ असा, की हा गेम तुम्हाला विकलेला नाही, फक्त वापरायला दिला आहे. मी तेव्हाच सावध झाले. विकलेला नाही, तर मग पूर्ण किंमत कशाची घेता? आणि खरं बोलायचंय तर अक्षरं एवढी बारीक का? तेव्हापासून मला कागदावर छापलेल्या कुठल्याच गोष्टीची खात्री वाटत नाही. या गोष्टीत कोणीच पूर्ण धुतलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझी पहिली मालकीण पलक. राहायला धुळ्यात. दहावी झाली म्हणून मामाने तिला मला नवीकोरी आणून दिली. गेम सुरू झाला की माझ्या ट्रकचा भोंगा वाजतो, दोन लांब आणि एक आखूड. तो वाजला की पलकची आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "निघाली का गाडी? पोळी खाऊन निघ म्हणावं ड्रायव्हरला!" जिला घरातली स्कूटीसुद्धा हातात मिळत नव्हती त्या पोरीने माझ्यावर बर्फाचे घाट पालथे घातले. कंपासच्या टोकाने तिने माझ्या मधल्या भोकाजवळ बारीक 'प' कोरला. कुठेही गेलीस तरी ओळखू येशील, म्हणाली.

दोन वर्षांनी ती कॉलेजसाठी बाहेरगावी निघाली. मला घेऊन ती गल्ली नंबर दोनमध्ये तारादेवींच्या दुकानात आली.

जुन्या धुळ्यात गल्ल्या नंबरावर ओळखतात, हे ज्याला माहीत नाही त्याने इथे थांबून लक्षात ठेवावं. पुढे सगळा घोळ त्यावरूनच झाला. तारादेवींचे सासरे जवरीलाल तिथे भांडी विकायचे. आता सून जुने गेम, जुने मोबाइल, जुनी कॅल्क्युलेटरं विकते. शिक्का मात्र सासऱ्यांच्या वेळचाच. त्यावर "जवरीलाल, गल्ली नं. २, धुळे" असं कधीकाळी होतं म्हणे. रबर झिजून झिजून आता कागदावर फक्त "नं. २" उमटतं. धुळ्यात कोणाचं काही अडत नाही. दोन नंबर म्हणजे तारा काकी, हे शेंबडं पोरही सांगतं.

पलकने मला काउंटरवर ठेवलं. तारादेवींनी बोटही लावलं नाही.

"हातात दे, बेटा."

"ठेवलीय ना काकी समोर."

"ठेवलेलं मी घेत नाही. दिलेलं घेते. आपण जैन ना? महाराजसाहेबांनी प्रवचनात काय शिकवलं? न दिलेलं घेऊ नये. आईला विचारलंस?"

"हो."

"फोन लाव."

मला हे सोंग वाटलं. म्हटलं, भाव पाडायची ही नवी तऱ्हा असणार. त्यांनी मला पलककडूनच उजेडाकडे धरवलं, उलटं करवलं, वाकून चक्क हुंगलं. पण आईशी खरंच बोलल्या आणि मग हात पुढे केला. पलकने मला त्या हातावर ठेवलं आणि सोडेना.

"देतेस का ओढतेस?" तारादेवी हसल्या. "नसेल द्यायची तर घेऊन जा. माझं दुकान कुठे पळत नाही."

पलकने बोटं सोडली. मग तिने उगीच ओढणीला हात पुसले. रिकामा हात कसा दिसतो ते मी तेव्हा पाहिलं. डबीवर शिक्का बसला, नं. २.

त्या दुकानात मी सात महिने काढले. लोक यायचे, मला उलटं करायचे, म्हणायचे, "ओरिजिनल आहे ना? की मारलेली कॉपी?" माझी पाठ बघितल्याशिवाय माझं तोंड कोणी बघितलं नाही. मित्रांनो, सतत संशयाने बघितलं की वस्तूसुद्धा संशयी होते. मी तशी झाले.

मग सुलक्षणा मॅडम आल्या. मूळच्या दोंडाईच्याच्या, जळगावच्या या शाळेत कॉम्प्युटर शिकवतात, करारावर. दर वर्षी करार नवा होतो आणि त्यावर साहेबांची सही लागते. सुट्टीत गावी जाताना धुळ्याला एसटी बदलायची, त्या वेळात त्या दुकानात शिरल्या. शाळेला एका माजी विद्यार्थ्याने जुनं गेमचं यंत्र दिलं होतं आणि संमेलनात मुलांची ट्रकची शर्यत लावायची होती. नवा गेम परवडत नव्हता, म्हणून स्वतःच्या पर्समधून त्यांनी मला घेतलं. तारादेवींनी मला त्यांच्या हातावर ठेवलं.

साहेबांसमोर मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "बिल?"

"सर, सेकंडहँड आहे. दुकानाचा शिक्का आहे डबीवर."

साहेबांनी चष्मा वर केला. "नं. २? मॅडम, तुम्ही चक्क दोन नंबरचा माल शाळेत आणलात आणि वर शिक्का दाखवता?"

"सर, ती गल्ली आहे. धुळ्यात दोन नंबर गल्ली..."

"मी अठ्ठावीस वर्षं नोकरी केली आहे. दोन नंबर म्हणजे काय ते मला शिकवू नका. तज्ज्ञाकडून तपासून घेऊ."

तज्ज्ञ कोण? पितांबर! शाळेसमोर कॉम्प्युटरचं दुकान. शाळेच्या सगळ्या मशीन तोच बसवतो आणि त्यांत काय काय भरतो ते त्याचं त्यालाच ठाऊक. मला तपासायला त्याच्याकडे पाठवलं. मॅडम हट्टाने सोबत आल्या.

"मॅडम, कशाला तुम्ही या चकतीच्या नादी लागता?" पितांबर म्हणाला. "ते यंत्र माझ्याकडे आणा. उघडतो, हार्डडिस्क टाकतो, दोनशे गेम भरून देतो. वर पक्कं बिल."

"दोनशे गेम विकत घेतलेत तुम्ही?"

तो एवढा हसला की समोरचा चहा सांडला. "मॅडम, रागावू नका, एक विचारतो. ही तुम्ही सेकंडमध्ये घेतली. कंपनीला काय मिळालं? शून्य. माझ्या कॉपीतून काय मिळतं? शून्य. शून्यात आणि शून्यात फरक सांगा, मी आजच दुकान बंद करतो."

प्रश्न खोटा नव्हता, आणि माणूस खोटा असला की खरा प्रश्न जास्त टोचतो.

"मी बाहेर थांबते. तपासा लवकर," एवढंच मॅडम म्हणाल्या.

दुकानाचं काचेचं दार बंद झालं. त्याने मला एका यंत्रात घातलं. दहा-पंधरा मिनिटं मी गरगर फिरले. माझे घाट, माझा बर्फ, माझा भोंगा, सगळं त्याने उतरवून घेतलं. दुखलं नाही. ओरखडासुद्धा उमटला नाही. मित्रांनो, मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली. माझं सगळं गेलं आणि माझं काहीच गेलं नाही! तक्रार तरी कुठे करायची आणि जखम कोणती दाखवायची?

मग त्याने कागदावर लिहिलं, "तपासले. डबीवर दोन नंबरचा शिक्का असून माल संशयास्पद."

आठवड्याभरात मॅडमना मेमो मिळाला. बनावट माल आणल्याचं लेखी कबूल करा, नाहीतर करार पुढे चालणार नाही. मला या पाकिटात घालून लाख लावली. आणि त्याच कपाटाच्या खालच्या कप्प्यात एक नवी फाइल आली, पितांबरच्या हार्डडिस्कची, वर पक्क्या बिलासकट. ज्याचं बिल आहे ती चोरी नाही, आणि ज्याचं बिल नाही तो माणूस चोर, असा या कार्यालयाचा हिशेब.

चिंधा आबा इथले शिपाई. मूळचे शिरपूरकडचे. टेबल पुसताना माझ्या खिडकीवरची धूळही पुसतात. त्या दिवशी आपल्या अहिराणीत मॅडमना म्हणाले, "मॅडम, आठे बठ्ठा हुशार शेतस. सही करी टाका. माले काय समजस? पन नोकरी शे." म्हणजे इथे सगळेच हुशार, मला काय कळतं, पण नोकरी आहे.

"आबा, तुम्ही केली असती?"

आबांनी फडकं पिळलं. "नही करतू," म्हणाले आणि बादली उचलून निघून गेले.

मॅडमनी धुळ्याला फोन केला. त्यांना फक्त एक चिठ्ठी हवी होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तारादेवी स्वतः आल्या, पिशवीत शिक्का आणि शाईचं पॅड घेऊन. साहेबांच्या टेबलावरच्या कोऱ्या कागदावर त्यांनी धाडकन शिक्का मारला.

"बघा साहेब. नं. २. माझ्या सासऱ्यांनी याच शिक्क्याने आयुष्यभर तांब्या-परात विकली. म्हणजे धुळ्याच्या अर्ध्या लग्नांत दोन नंबरचा आहेर गेला म्हणायचं का?"

"बाई, हे कार्यालय आहे."

"म्हणूनच मोठ्याने बोलते. घरी असते तर हळू बोलले असते."

मॅडमनी तेव्हा त्यांना पितांबरचा प्रश्न सांगितला. शून्यात आणि शून्यात फरक काय? तारादेवींनी फार विचार केला नाही.

"बेटा, ही पोरीने दिली तेव्हा तिचा हात रिकामा झाला. तिला आता खेळता येत नाही, तुला येतं. एक वस्तू, एक हात. कंपनीने एक विकली, दुनियेत अजूनही ती एकच आहे. त्याने कॉपी काढली तेव्हा कोणाचा हात रिकामा झाला? कोणाचाच नाही. मग त्याला दिली कोणी?" आणि साहेबांकडे वळून म्हणाल्या, "कंपनी काही साधू नाही, साहेब. पण समोरचा साधू नाही म्हणून मी माझं व्रत मोडू?"

साहेबांनी तो शिक्क्याचा कागद घेतला. वाचला नाही. माझ्या पाकिटाला टाचणीने लावला आणि म्हणाले, "पुरावा म्हणून ठेवतो." कोणाच्या विरुद्ध ते नाही सांगितलं.

काल संमेलन होतं. सभागृहात मुलांचा नुसता कल्ला. मॅडमना तिथे यायची मनाई होती. उत्तर द्यायचा शेवटचा दिवस म्हणून त्या या कार्यालयात बाकावर बसून होत्या. साहेब मधेच येऊन टेबलावरून भाषणाचा कागद उचलत होते, तेवढ्यात सभागृहातून आवाज आला.

दोन लांब. एक आखूड.

मी तर इथे, लाखेच्या आत! मॅडम उभ्या राहिल्या. त्यांनी कपाटाकडे बघितलं, मग दाराकडे, मग परत माझ्याकडे. भोंगा पुन्हा वाजला आणि दोनशे पोरं ओरडली. माझा भोंगा होता तो, मित्रांनो, अगदी माझा. फक्त त्यात पलकचा 'प' नव्हता.

मॅडमनी मेमोच्या उत्तराचा कागद पुढे ओढला. कबुली लिहिली नाही. एकच ओळ लिहिली आणि कागद साहेबांपुढे धरला.

"टेबलावर ठेवा," साहेब म्हणाले.

"नाही सर. हातात घ्या."

चिंधा आबा दारात पाण्याचा जग घेऊन थिजले होते. तिकडे पोरं टाळ्या वाजवत होती. मॅडमचा हात तसाच पुढे होता, जराही न हलता. साहेबांचा हात खिशात गेला. मग त्यांना भाषणाला उशीर झाला.

तो कागद आता मॅडमच्या पर्समध्ये आहे. सोमवारी त्या परत येणार आहेत, रोज येणार आहेत, असं आबांना सांगून गेल्या. करार राहतो की जातो, मला माहीत नाही. चांगलं होईल असं मी म्हणणार नाही, कारण तसं मला वाटत नाही.

मित्रांनो, मला मऊ फडक्याने पुसा, उन्हात ठेवू नका, असं माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी सांगतात. तेही करा. पण आधी एक करा. काहीही फुकट, झटपट, दोनशेच्या दोनशे मिळत असेल तेव्हा देणाऱ्याच्या हाताकडे बघा. तो रिकामा होतोय का? आणि कोणी जुनी वस्तू घेऊन आलं तर तिची पाठ तपासा, जरूर तपासा, पण तपासायला कोणाकडे पाठवताय तेही तपासा.

आणि साहेब, तुम्ही. माझं पाकीट फोडू नका, मला माफीही नको. मॅडमच्या कागदावर जी ओळ आहे ती मी खिडकीतून वाचली आहे, म्हणून इथे सगळ्यांसमोर विचारते. काल तुमच्या सभागृहात जो भोंगा वाजला, तो तुमच्या हातात कोणी दिला? बोला, साहेब. खिशातून हात काढा आणि बोला.