इलेक्ट्रॉनचा शेक

"मी न्हाय जायची आत. करंट द्यायला लागलेत मला," आई म्हणाली आणि दवाखान्याच्या बाकावर मांडी घालून बसली.

छातीतल्या कॅन्सरच्या गाठीच्या ऑपरेशननंतर आईला, शालूबाईला, रोज मशीनखाली किरणांचा शेक चालू होता. इतके दिवस बिनबोभाट जात होती. आज मशीन चालवणाऱ्या प्रसेनजीतनं सहज सांगितलं, "मावशी, आजपास्नं टाक्यांच्या जागेवर इलेक्ट्रॉनचा शेक." संपलं. बिचाऱ्याला काय माहीत, ही बाई फिजिक्सच्या मास्तरणीची आई आहे.

शिवाजी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत मी बारावीच्या शिकवण्या घेते. कोपऱ्यात तांदूळ निवडत आईनं वर्षानुवर्षं माझं ऐकलंय. तारेतून इलेक्ट्रॉन वाहतात, त्यालाच वीज म्हणायचं. हे मी इतक्या वेळा घोकून घेतलंय की आईचंही पाठ झालं. पोरांचं होत नाही, ते सोडा.

आणि विजेचं दुःख तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. माझे वडील, केरबा, नेसरीच्या शेतात उसाला पाणी पाजायला एकटेच गेले होते. ओल्या पायांनी मोटरच्या स्टार्टरला हात लावला. लोकांना सापडले तेव्हा अंग गार पडलं होतं. लगेच गेले की तडफडले, कुणी पाहिलं नाही. आई त्याविषयी एक शब्द बोलत नाही, पण त्यानंतर घरातल्या एकाही बटणाला तिनं हात लावलेला नाही. अंधार पडला की मला हाक मारते.

मला बसवेना. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, हे शेवटचे शेक चुकवू नका, आजार पुन्हा डोकं वर काढतो तो बहुतेक टाक्यांच्या जागीच. प्रसेनजीत दारातून डोकावून गेला. पुन्हा डोकावला. आईच्या मागचा पेशंट चुळबुळ करायला लागला, त्याच्या बायकोनं माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं. मी तिच्याकडे बघून त्याहून वाकडं केलं.

एक थाप मारली की काम फत्ते होतं. हे इलेक्ट्रॉन वेगळे, औषधाचे, असं म्हणायचं. तिनं ऐकलंही असतं. शब्द ओठांवर आले होते, तेवढ्यात तिनंच विचारलं.

"क्रांते, खरं सांग. त्यास्नी ज्यानं मारलं, त्येच काय हे?"

राग आला मला. प्रसेनजीतचा, त्या शब्दाचा, माझ्या शिकवण्यांचा. जगात इलेक्ट्रॉन एकाच जातीचा असतो, त्याला मी काय करू?

"व्हय, त्येच," मी म्हणाले. "पर तितं अंगातनं आरपार गेलं, काळजातनं गेलं. हितं कातडीखाली बोटभर जातंय आन् थांबतंय. काळजापतोर पोचतच न्हाई. तुझ्या गळ्याशपथ, आई."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग उठली, चपला बाकाखालीच ठेवल्या आणि आत गेली. जाड दार बंद झालं. वरचा लाल दिवा लागला. आत ती एकटी होती, आणि तिला तिथं मी पाठवलं होतं. मी पदराचं टोक पिळत उभी राहिले, सोडलं, पुन्हा पिळलं. दिवा विझेपर्यंत तेच चाललं होतं.

आई बाहेर आली. मी धावतच गेले.

"दुखलं काय? चटका बसला?"

"कायच न्हाय." ती बाकावर बसली. "कुणी हात लावल्यागतबी वाटलं न्हाय गं. मला वाटलं अजून चालूच झालं न्हाय, तवर ते पोरगं म्हनलं, झालं मावशी, उठा."

एवढा निवांत चेहरा मी तिचा कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. तिनं माझा हात धरला.

"मग त्यास्नीबी कळलं नसंल. त्येच हाय न्हवं? कायबी कळलं नसंल त्यास्नी."

विजेचा झटका बसला की हाताची मूठ आवळली जाते. सोडायची म्हटली तरी सुटत नाही, आणि ते माणसाला कळत असतं. शिकवताना हे मी कधीच सांगत नाही, आई कोपऱ्यात बसलेली असते म्हणून.

"न्हाई कळलं, आई," मी म्हणाले. "कायबी न्हाई."