मधलीची टाकी

टीव्ही मधेच अडकला की लोक आधी रिमोटला चापट मारतात, मग डिशवाल्याच्या नावाने बोटं मोडतात. छत्तीस हजार किलोमीटर वर कोणी टांगलेलं आहे आणि खाली कोणी त्याला सांभाळत बसलंय, हे कोणाच्या डोक्यातही येत नाही. सांभाळणारीला कंट्रोल रूममध्ये सगळे नुसतं 'बाई' म्हणत. नोकरीला लागल्या तेव्हाही बाई आणि केस पांढरे झाले तरी बाईच.

वर तीन उपग्रह होते. एकाच कंपनीचे, एकाच जागी ठेवलेले, इतके जवळजवळ की खालच्या डिशला तिघं मिळून एकच वाटावेत. बाईंनी त्यांची बारशी केव्हाच उरकली होती: थोरली, मधली आणि धाकटी.

आता एका जागी तिघी म्हटल्यावर एकमेकींना धक्का लागायची भीती. कोणीतरी बाजूला सरकायला हवं. नियम सोपा होता, जिच्याकडे इंधन जास्त तिने सरकायचं. मधलीचं रॉकेट झकास चाललं, जागेवर पोचायला इंधन कमी लागलं, टाकी बरीच भरलेली राहिली. झालं, तिथेच फसली बिचारी. थोरली जरा कलली की मधली सरकणार. धाकटी नवी आली तेव्हा तिला जागा कोणी करून दिली? मधलीनेच. दर वेळी ती कमांड बाईच पाठवत आणि दर वेळी त्यांचं डोकं फिरे.

फिरणारच. घरी त्याही मधल्याच. वर ताई, खाली भाऊ. ताईला दोन लहान मुलं, भावाचा संसार नवा, आणि बाई एकट्या. वडील गेल्यावर आई कोणाकडे राहणार यावर कोणी चकार शब्द काढला नाही. बाईंनीच आईची बॅग उचलली आणि आपल्या दोन खोल्यांत आणून ठेवली. त्याला बारा वर्षं झाली. मधे एक नकाशे काढणारा भला माणूस दोन वर्षं यांच्या होकाराची वाट बघत थांबला होता. त्याला नाही म्हणाल्या, आईचं कोण करणार म्हणून. नवं केंद्र चालवायला दूरच्या शहरात बोलावलं, दोनदा नाही म्हणाल्या, तेही आईमुळेच. आता तिसऱ्यांदा विचारलं होतं आणि साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "बाई, या खेपेला नको म्हणालात तर चौथ्यांदा कोणी विचारणार नाही."

त्यातच मधलीचं निघालं. उपग्रहाच्या टाकीला स्कूटरसारखा काटा नसतो. किती वेळा किती जाळलं, त्यावरून आत काय उरलंय याचा अंदाज बांधायचा. बाईंचा अंदाज होता की संपत आलं. उरलंय तेवढ्यात तिला तीनशे किलोमीटर आणखी वर, निवृत्त उपग्रहांच्या कक्षेत ढकललं नाही, तर ती तिथेच मरून बहिणींच्या अंगावर भटकत राहील.

"अजून एक वर्ष काढू," साहेब म्हणाले. "मधली आहे, ती निभावून नेते."

"निभावते म्हणून किती पिळायचं हो तिला?" बाईंचा आवाज इतका चढला की पलीकडच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. "काही झालं की मधली. तिला काय विचारायचंच नाही का कधी?"

साहेबांना वाटलं, बाई उपग्रहाबद्दल बोलतायत. ते म्हणाले, "ठीक आहे. अंदाज तुमचा, जबाबदारी तुमची."

त्या संध्याकाळी मधलीवरची सगळी चॅनेल दोघी बहिणींवर हलवली. घराघरांत चित्र एकदा लुकलुकलं आणि पुन्हा सुरू झालं. कोणाचा फोनसुद्धा आला नाही. मधलीची सुटका होते तर माझी का नाही, असा विचार करत बाई घरी आल्या. जिन्यातच त्यांनी भांडणाची वाक्यं जुळवून ठेवली. चपला काढायच्या आधी ताईला फोन लावला.

"ताई, मी नव्या केंद्राला हो म्हणणार आहे. आईला तू घेऊन जा. आजवर मी केलं, आता तुझी पाळी."

"बरं," ताई म्हणाली. "रविवारी गाडी घेऊन येते."

बाईंनी जुळवलेली बाकीची वाक्यं फुकटच गेली. "अगं, मग इतकी वर्षं का नाही नेलंस?"

"म्हणजे काय? आईच यायची नाही. पोरं लहान होती तेव्हा मी हातापाया पडत होते तिच्या. म्हणायची, मधली एकटी आहे, मी गेले तर तिला घर खायला उठेल. तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती मला."

आत आई टीव्हीसमोर बसली होती. बाईंनी टीव्ही बंद केला आणि तिच्या पुढ्यात उभ्या राहिल्या.

"तुला ताईकडे जायचं होतं?"

आईने चष्मा काढून पदराला पुसला. "तेव्हा होतं. नातवंडं अंगाखांद्यावर खेळायच्या वयाची होती. पण तुला टाकून कशी जाऊ? तू तर लग्नही करेनास."

"तुझ्यासाठी केलं नाही मी, आई."

"माझ्यासाठी?" आईने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मला वाटलं, तुला तो आवडत नाही. मला तर फार आवडला होता गं. तू हो म्हणालीस की त्याच दिवशी ताईकडे जायचं, असं मी ठरवूनही ठेवलं होतं."

बाईंना रडावंसं वाटलं, पण त्याहून जास्त संताप आला, आणि तो कोणावर काढायचा ते कळेना. "मग एकदा बोलायला काय झालं होतं तुला?"

"तू तरी कुठे विचारलंस? नुसती बॅग उचललीस माझी."

शेवटी आईच म्हणाली, "आता जाईन ताईकडे. पण पोरं कॉलेजात गेली. त्यांना आता आजी कशाला हवी? दारं लावून बसतात म्हणे." मग तिने हात पुढे करून टीव्ही पुन्हा लावायला सांगितला.

रविवारी ताई गाडी घेऊन आली. बॅग तीच होती, बारा वर्षांपूर्वीची. या वेळी ती ताईने उचलली.

पुढच्या आठवड्यात मधली ठरल्या जागी वर पोचली. आता शेवटचं काम राहिलं होतं. टाकीत काही उरलं तर पुढेमागे स्फोट होतो, म्हणून असेल नसेल ते जाळून टाकायचं आणि मग उपग्रह बंद करायचा. बाईंनी कमांड पाठवली. दोन-चार मिनिटांत विझेल, असं त्या सगळ्यांना सांगून बसल्या होत्या.

ती विझेचना. चहा आला, चहा संपला, तरी मधली आपली जळतेच आहे. कंट्रोल रूममधली पोरं आधी हसली, मग एकमेकांकडे बघायला लागली. साहेब येऊन खुर्चीमागे उभे राहिले.

"बाई, ही तर आणखी दोन वर्षं राहिली असती."

"हो," बाई म्हणाल्या. "अंदाज चुकला."

"चालायचंच," साहेब समजुतीने म्हणाले. "आत काय आहे ते तिला विचारायची सोय थोडीच असते?"

बाईंनी मान हलवली. मधली पूर्ण विझेपर्यंत त्या खुर्चीवरून उठल्या नाहीत. मग त्यांनी तिचा ट्रान्समीटर बंद केला आणि घरी गेल्या. घरात आता विचारायला कोणी नव्हतं.