दोन इंजिनं, एक रूळ

"मोटर बॉडीपासून तोडायची," नासिर म्हणाला. "केसाएवढा पन संबंध ऱ्हाता कामा नाय."

जनूने इंजिन तळहातावर उलटे केले. वीतभर लांबीचे, लाल रंगाचे. पोटात अंगठ्याएवढी मोटर.

"म्हंजे अर्थिंग काढायचं?"

"अरे बाबा, पंधरा व्होल्टची गाडी ही. हिला कसलं अर्थिंग? रुळातली वीज आधी चिपमधी, चिपमधून मोटरला. मोटर बॉडीला लागली तर चिप खलास. आन् चिपा दोनच हायत. तिसरी मागितलीस तर माझा भाऊ दुबईतून पायताण पाठवील."

जनू हसला नाही. १९९८ चा जुलै होता. रोह्याजवळच्या अष्टमी गावात पुलाजवळ नासिरचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते, तिथे हे बोलणे चालले होते.

जनू वडखळचा पंप मेकॅनिक, वय एकावन्न. पेणच्या एका मंडळाच्या गणपतीपुढचा हलता देखावा तो बावीस वर्षे करत आला होता, बिनपैशाचा. वर्षभर लोक त्याला "ए पंपवाल्या" म्हणून हाक मारत. त्या अकरा दिवसांत तो जनूकाका होई आणि कोणीतरी त्याच्यासाठी खुर्ची आणून ठेवी.

त्या वर्षी मंडळाचा अध्यक्ष बदलला. नवा अध्यक्ष विशाल सत्तावीस वर्षांचा होता. "काका, तुमचा हात हलवणारा राक्षस आता कोन बघत नाय," तो म्हणाला. "कायतरी नवीन दाखवा. नायतर पुढल्या वर्षी मुंबईचा कंत्राटदार आनतो."

जनूने कोकण रेल्वे दाखवायचे कबूल केले. एकेरी मार्ग, मध्ये स्टेशन, तिथे दोन गाड्यांचे क्रॉसिंग: एक बाजूच्या रुळावर थांबणार, दुसरी शेजारून निघून जाणार. रोह्याच्या एका कारखान्यातून मायदेशी परतताना एका परदेशी इंजिनिअरने त्याला दोन इंजिने आणि पेटीभर रूळ दिले होते. पण ती जुन्या पद्धतीची. रुळात वीज सोडली की दोन्ही एकदम धावत, तोडली की दोन्ही थांबत. चिप बसवली की प्रत्येक इंजिन फक्त आपल्या नंबराचा हुकूम ऐकणार होते. नवी इंजिने घेणे मंडळाच्या आणि जनूच्या आवाक्याबाहेरचे होते. नासिरच्या चुलत भावाने दुबईतून कोणाचा तरी वापरलेला कंट्रोल आणि दोन चिपा पाठवल्या, तेवढ्यावर भागवायचे होते.

पाच रविवार दोघे खपले. बिघडलेल्या इस्त्रीतला अभ्रक कापून मोटरखाली घातला. स्क्रूवर बॉलपेनच्या रिफिलचा तुकडा चढवला. वायर जुन्या टेलिफोनची. पाचव्या रविवारी दुसरे, हिरवे इंजिन थांबले आणि लाल त्याच्या शेजारून निघून गेले, तेव्हा नासिरने दुकानाबाहेर येऊन चहा सांगितला.

जनू मात्र पुन्हा पुन्हा मोटरीवर टेस्टर धरून बघत होता.

चौऱ्याहत्तर साली त्याने एका मिठागरावर पंप बसवला होता. अर्थिंगची तार कमी पडली. उद्या जोडू, असे तो मालकाला म्हणाला आणि घरी आला. संध्याकाळी त्याचा थोरला भाऊ मालू अनवाणी पायांनी पंप बंद करायला गेला आणि शॉक लागून जागीच संपला. तेव्हापासून जनूने अर्थिंगशिवाय एकही यंत्र सुरू केले नव्हते. लोक पंख्याला बोलवत, तो आधी घराचे अर्थिंग तपासे. मालूची बायको काशीबाई जनूच्याच घरात राहत होती. चोवीस वर्षांत तिने त्या तारेबद्दल एकदाही विचारले नव्हते.

गणपती बसले. पहिले दोन दिवस रांग रस्त्यापर्यंत गेली. विशालने स्वतः खुर्ची आणली.

तिसऱ्या दिवशी दुपारी पडद्याच्या फटीतून जनूला रांगेत काशीबाई दिसली. अंगावर धुवट लुगडे, पायांत काही नाही. मांडवातली जमीन पावसाने ओली होती. पुढची बाई टेबलावर वाकून रुळाला बोट लावून बघत होती.

जनूने लाल इंजिन उचलून आत घेतले. "तेल द्यायचंय," तो शेजारच्या कार्यकर्त्याला म्हणाला. वरचे कवच काढले. तारेला डाग द्यायची सोल्डरिंगची इस्त्री गरमच होती. इंचभर तार घेऊन त्याने एक टोक मोटरीला आणि दुसरे बॉडीला जोडले, पंपाला अर्थिंग देतात तसे. दोन मिनिटांचे काम. कवच लावून इंजिन स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर ठेवले तेव्हा काशीबाई टेबलाशी पोचली होती.

त्याने बटण दाबले. इंजिन एक इंच सरकले, थांबले. खालून धुराची बारीक रेघ आली.

"काय जळलं गो?" मागून कोणीतरी विचारले.

काशीबाईने टेबलाच्या कडेवर हात ठेवला होता. "भावजी, काय झालं?"

"काय नाय, वहिनी. हात काढा तिथून."

तिने हात काढला. मग गणपतीला नमस्कार करून ती निघून गेली.

रविवारी नासिर आला. त्याने इंजिन उघडले आणि त्या तारेवर चिमटा टेकवला.

"हा तुकडा कोनी लावला?"

"मी."

"मी सांगितलं होतं ना, जनूभाय?"

"सांगितलं होतंस."

नासिरला मालूचे ठाऊक होते. पेण-रोह्यात सगळ्यांनाच ठाऊक होते. त्याने जळकी चिप खिशात घातली, कवच लावले, आणि स्क्रू एकेक करून घट्ट केले.

"बंद गाडी काढून टाका, काका," विशाल म्हणाला. "बरी दिसत नाय."

"ऱ्हाऊ दे. क्रॉसिंगला उभी हाय."

"किती दिवस उभी ऱ्हानार?"

जनूने फडक्याने लाल गाडीवरची धूळ पुसली.

दहाव्या दिवशी आरतीनंतर विशालने माइकवर देणगीदारांचे आभार मानले. पुढील वर्षी भव्य देखावा मुंबईहून येणार असल्याचे जाहीर केले. टाळ्या झाल्या. पडद्यामागची खुर्ची कोणीतरी पाहुण्यांसाठी नेली होती, जनू उभा होता.

हिरवी गाडी बोगद्यातून बाहेर पडून स्टेशनकडे येत होती. त्याने ती हळू केली, लाल गाडीच्या बरोबर शेजारी आणून थांबवली. ओठ न हलवता साठपर्यंत अंक मोजले. मग तिला एकटीला पुढे सोडले.