झडपेमागची वळणं

आमच्या ह्यांना डॉक्टरांचं भय कधीच नव्हतं. मिरजेला मेडिकलच्या मुलांसाठी तक्ते काढण्यात वसंतरावांची बत्तीस वर्षं गेली. फॉर्मलिनमधलं हृदय समोर ठेवून हे चित्र काढायचे. रविवारी घरी तक्ता पसरला की लाल रंग मी भरायचे. ह्यांच्या हाताला फॉर्मलिनचा उग्र वास असायचा, मी नाक मुरडायचे. आज तो वास आठवला तरी जीव तुटतो.

तर असा हा माणूस सहा महिन्यांसाठी दोह्याला लेकाकडे, कौशिककडे आला आणि हृदयाची झडप खराब निघाली. ऑपरेशन लवकर करा, उशीर जिवावर बेतेल, असं डॉक्टर सुमैयांनी स्पष्ट सांगितलं. हे म्हणाले, इन्शाल्ला, म्हणजे देवाची मर्जी असेल तर. तिथल्या अल मन्सूरा भागातल्या भाजीवाल्याकडून अरबीतला एवढा एकच शब्द शिकले, तोही नको तिथे वापरला! कौशिकने विनवलं, मी रागावले, जेवले नाही. ह्यांचं एकच पालुपद, मी शेकडो हृदयं पाहिलीत, मला शिकवू नका.

शेवटी ह्यांच्या हृदयाच्या एमआरआयची हलती चित्रं दाखवायला डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं. झडप उघडत होती, रक्त बाहेर पडत होतं आणि थोडं रक्त झडपेमागे गोल वळत होतं. हे खुर्चीतून उठलेच.

पाचशे वर्षांपूर्वी चित्रकार लिओनार्दोने हृदयाच्या चित्रांत नेमकी ही वळणं काढली होती. त्या चित्रांची छापील प्रत ह्यांच्या टेबलावर असायची. तक्ता काढताना तीही बघायचे, पण वळणं गाळायचे. मेडिकलच्या एका मुलीने वळणं का गाळली असं विचारलं तर तिच्यावर खेकसले होते, की समोरच्या हृदयात दिसतं तेवढंच काढायचं, कल्पना लढवायच्या नाहीत. घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा मी शहाण्यासारखी मान डोलावली होती.

आता हे पडद्याला नाक लावून उभे. डोळ्यांत पाणी. इतक्या वर्षांच्या संसारात मी ह्यांना चूक कबूल करताना पाहिलं नव्हतं.

"रत्ना, तो बरोबर होता गं. मी सगळी थांबलेलीच हृदयं पाहिली."

मला हुंदका आवरेना. डॉक्टरांना मराठी कळत नव्हतं, त्या बिचाऱ्या आमच्याकडे बघत राहिल्या. ह्यांनी त्यांच्याकडून संमतीचा कागद मागून घेतला, चष्मा पुसला आणि सही केली.

"चालणारं पहिलंच पाहतोय," मला म्हणाले, "आणि तेही माझं. इतक्यात बंद पडायला नको."