अंगठा आणि करंगळी

साल एकोणीसशे शहाऐंशी. कापसाचा हंगाम भरात असताना अमळनेरच्या जिनिंगमध्ये द्रौपदाबाईच्या हिलालचा उजवा हात यंत्रात सापडला.

पोरगा जन्मापासून मुका-बहिरा. धुळ्याच्या शाळेत मास्तर ओठ हलवायला शिकवत आणि हात हलले की पट्टी मारत. खरं बोलणं तो वसतिगृहातल्या मोठ्या पोरांकडून शिकला. तिथलीच कुंदा पुढे त्याची बायको झाली. चुलीपुढे बसून तिने सासूलाही खुणा शिकवल्या. पंजा गालाला टेकवला तर झोप, मूठ टेकवली तर दाढदुखी. सासूचं बोट चुकलं की सून हसायची आणि ते धरून सरळ करायची. अंगठा आणि त्याच्याजवळचं बोट जुळवून नाकाला लावलं की कुंदा, तिच्या चमकीवरून.

धुळ्याच्या डॉक्टरांनी मधली तिन्ही बोटं काढायचं ठरवलं. द्रौपदाबाईने हात जोडले. "साहेब, आंगठाना जोडनं बोट तरी ऱ्हाऊ द्या. त्यानी जीभ शे ती."

विष वर चढलं तर पंजाच जाईल, असं डॉक्टरांनी समजावलं. ती हो म्हणाली.

शुद्धीवर येताच हिलाल डावा हात जोरजोराने हलवू लागला. सलाईन निघेल म्हणून नर्सने तो खाटेला बांधला. आईने दंड धरून ठेवला. त्याचे डोळे तेवढे फिरत राहिले. संध्याकाळी कुंदा आली. आल्याआल्या तिने गाठ सोडली, मग सासूकडे वळून हातांनी म्हणाली, "आई, तुम्ही त्यांचं तोंड बांधलं."

हिलालने सवयीने बँडेजचा हात नाकाशी नेला. चिमूट जुळेना.

घरी आल्यावर तो अंगठा आणि करंगळी जुळवून बायकोचं नाव घेऊ लागला. त्याला उणं वाटू नये म्हणून कुंदाही मधली बोटं मिटून बोलायला लागली. मग सासूही. दोन वर्षांनी बेबा झाली, तीही बहिरी. पाची बोटं धड असून पोर तीन बोटं मिटूनच बोलायला शिकली. धुळ्याच्या शाळेत पोरं तिला हसली, तेव्हा तिने ती उघडली. सुटीत घरी आली की पुन्हा मिटायची.

हिलाल पंच्याण्णव साली काविळीने गेला. बेबा शिवणकाम शिकून धुळ्यालाच राहिली. द्रौपदाबाईची नजर गेली, तेव्हापासून कुंदा तिच्या तळहातावर बोलते. अंगठा आणि करंगळी टेकवून.