दोडक्याच्या वेलावरचे पावणे

कोडोलीच्या त्या गल्लीत एक रीत होती. कुणी घातली ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण मोडायची कुणाची छातीही नव्हती. गौरीच्या सणाला ज्या घरात नवी सून आली असेल, तिथल्या सुनेचा पहिला ववसा अंबूबाईच्या दोडक्याच्या पानांवर मांडायचा. सुपात पाच पानं अंथरायची, त्यांवर खारीक, खोबरं, हळकुंड, सुपारी ठेवायची आणि सुनेनं ते सूप गौरीपुढं ओवाळायचं. सुपं माहेरची, पानं सासरची. सासर गल्लीतलं कुठलंही असो, पानं मात्र अंबूबाईच्या परसातली. तिचा वेल गोठ्याच्या भिंतीवरून चढून पत्र्यावर पसरायचा आणि पानं अशी रुंद यायची की एकेक पान म्हणजे जेवणाची ताटलीच.

यंदा नवी सून अंबूबाईच्याच घरात आली होती. तिच्या लेकाचं, विजयसिंहाचं लग्न वैशाखात झालं. सून वर्षाराणी जयसिंगपूरची. श्रावण अर्धा झाला तसा विहीणबाईंचा, मीनाबाईंचा फोन आला.

"गौरीला आम्ही गाडी करून येतोय बरं का. माझ्या जावा म्हणत्यात, त्या कोडोलीच्या पानांचं लई ऐकलंय, एकदा बघूच."

"या की! डोळं भरून बघा," अंबूबाई म्हणाली. फोन ठेवला आणि तशीच परसात गेली. वेलाचा शेंडा हातात धरून बघितला. शेंडा मुडपला होता. कोवळी पानं मुठीसारखी वळली होती आणि पानाच्या पाठीला मावा लागला होता, रस शोषणारी बारीक कीड, राळं सांडल्यागत. मुंग्यांची ये-जा चालली होती. गल्लीतल्या सगळ्या सुनांना पानं पुरवली आणि घरच्या सुनेच्या वेळेला वेल असा मान टाकून बसलेला!

तिचा नवरा आण्णा मागून येऊन उभा राहिला.

"पंप आणतो," तो म्हणाला. "एक फवारा मारला की खेळ खलास."

"आणि औषधाचा वास मारणारी पानं गौरीपुढं मांडायची व्हय? तुमचा पंप तिकडं उसात राहू द्या."

"मग काय आरती करणार हायस माव्याची?"

अंबूबाईकडं उत्तर होतं. मागच्या महिन्यात बचत गटाच्या बायकांना ग्रामपंचायतीत बोलावून शेतीखात्याच्या एका बाईंनी पडद्यावर किड्यांची चित्रं दाखवली होती. एक चित्र अंबूबाईच्या मनात पक्कं बसलं होतं. लाल पाठ, त्यावर काळे ठिपके. ढालकिडा त्याचं नाव. हा आपला मित्र, हा मावा खातो, ह्याला मारू नका. पुढचं चित्र लागलं आणि नेमका चहा आला. चहाबरोबर खारी होती. त्यामुळं पुढच्या चित्रात काय होतं, ते गटातल्या एकीलाही सांगता आलं नसतं.

"लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे किडे पायजेत मला," तिनं कुंपणावरून हाक मारून शेजारच्या धोंडुबाईला सांगितलं. "कुठं दिसलं तर सांग."

"दिसलं तर?" धोंडुबाई हसली. "माझ्या वांग्यावर ढिगानं हाईत की! पायजेत तेवढं ने. पर अंबू, माझ्याकडं एवढं दिवस हाईत, त्यांनी काय उजेड पाडलाय म्हणायचा?"

"तुझ्या वांग्यावर मावा न्हाय. मग काम न्हाय त्यांना. बेकार बसल्यात."

हे धोंडुबाईला पटलं. बेकार बसणाऱ्यांचा तिला भारी राग. ती पदर खोचून वांग्याच्या वाफ्यात शिरली आणि एकेक किडा उचलून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकायला लागली. बरणी भरली तशी दोघी वाजतगाजत म्हणावं अशा थाटात परसात आल्या. अंबूबाईनं बरणी वेलाखाली आडवी केली. किडे पानांवर चढले.

"बघ कसं कामाला लागलं!" ती म्हणाली. "आता ह्या वेलाला कुणी हात लावायचा न्हाय. अहो, तुम्हाला बी सांगते."

"मी कशाला लावू?" आण्णा म्हणाला. "तुझं पावणं, तूच बघ."

वर्षाराणी नवी असली तरी कामाला मागं सरणारी नव्हती. सासूबाईंचा जीव वेलात अडकलाय हे तिला कळत होतं. ती सकाळी झाडलोट झाली की वेलाशी जाऊन उभी राहायची. एके दिवशी तिनं शेंड्याजवळ काहीतरी पाहिलं आणि ती किंचाळलीच.

"आई, लवकर या! काळी अळी हाय. अंगावर काटं, नारिंगी पट्टं. सुसरीच्या पिल्लागत चालतीया!"

अंबूबाईनं लांबूनच बघितलं. "मार, मार! थोबाडावरनंच चोर दिसतोय."

वर्षाराणीनं वाटीत साबणाचं पाणी घेतलं आणि त्या दिवसापासून दिसेल ती काळी अळी काडीनं त्यात ढकलायला लागली. संध्याकाळी सासूला वाटी दाखवायची. सासू शाबासकी द्यायची. एकजण मित्र पाळतेय, दुसरी शत्रू मारतेय. असं सासूसुनेचं राज्य त्या परसात आठवडाभर गुण्यागोविंदानं नांदलं.

आठवड्यानं वेलाकडं बघवेना. मावा होता तिथंच होता, उलट शेंड्याखालच्या पानांवरही उतरला होता. आणि जी रुंद पानं आतापर्यंत धडधाकट होती, त्यांची चाळणी झाली होती. पानाचा हिरवा गर कुणीतरी खरवडून नेलेला आणि मागं नुसत्या शिरांची जाळी. उन्हाकडं धरलं की पानातून समोरचा पन्हाळा दिसावा.

त्याच दिवशी धोंडुबाई टोपलीभर वांगी घेऊन आली. काळीभोर, तकतकीत, एकाला डाग नाही.

"घे बाई. तुझ्यामुळं एवढी आली. तू किडं नेलंस आणि माझी झाडं हसायला लागली बघ! आता पानं बी कशी..." एवढं बोलून तिची नजर वेलाकडं गेली. "अगं बया. ह्याला काय झालं?"

"नजर लागली," अंबूबाई कोरड्या आवाजात म्हणाली. "जयसिंगपुरातनं."

वर्षाराणी तिथंच उभी होती. माहेरचं नाव निघाल्यावर तिचं तोंड लाल झालं, पण ती गप्प बसली नाही.

"आई, नजर पान खात न्हाई. दात असलेलं कुणीतरी खातंय."

"कोण खाणार? काळ्या अळ्या तू मारल्यास. राहिलं ते माझं मित्र."

"तेच म्हणतीया मी."

"माझ्या किड्यांवर आळ घेतीस?"

"आळ न्हाय, आई. रात्रभर जाग्यावरनं हललेत का ते? पानाच्या मधी बसल्यात. मावा शेंड्याला हाय. भूक लागलेला माणूस ताटाकडं पाठ करून बसंल का?"

धोंडुबाईनं टोपली खाली ठेवली. आता हे सोडून घरी जाणं शक्यच नव्हतं.

अंबूबाई विचारात पडली. सून उलट बोलली ह्याचा राग होताच, पण बोलण्यात तथ्य होतं, आणि तथ्य दिसलं की राग लांबवत बसायची तिला सवय नव्हती. उभ्या जन्मात तिनं पंगती वाढल्या होत्या. कोण पावणा वरणभाताचा आणि कोण तांबड्या रश्शाचा, हे कपड्यांवरून ओळखायला गेलं की माणूस हमखास फसतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"ताट वाढून बघू," ती म्हणाली. "कोण काय खातंय ते समोर दिसंल."

दोन बरण्या धुऊन पुसून आणल्या. दोन्हींत दोडक्याची मावा लागलेली एकेक डहाळी ठेवली. एका बरणीत ठिपक्यांचे किडे सोडले. दुसरीत वर्षाराणीनं शोधून आणलेली एक काळी अळी सोडली. तोंडाला फडकं बांधलं आणि दोन्ही बरण्या चुलीपासून लांब, फळीवर ठेवल्या. आण्णानं जेवताना विचारलं, "लोणचं कसलं घातलंय?" तर अंबूबाईनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

सकाळी अंबूबाईनं चष्मा लावला आणि आधी आपल्या मित्रांची बरणी उजेडाला धरली. मावा जसाच्या तसा. पानाला मात्र जाळी. एक किडा तर तिच्यासमोरच पान खरवडत होता, शेजारून मावा चालला होता आणि हा त्याच्याकडं ढुंकून बघत नव्हता.

मग तिनं दुसरी बरणी घेतली. पान अख्खं. डहाळी स्वच्छ, जणू कुणी ओल्या फडक्यानं पुसली. आणि शेवटचा मावा तोंडात धरून ती काळी, काटेरी सुसर निवांत बसलेली.

मग वर्षाराणी म्हणाली, "वाटीभर मारल्यात की हो मी."

"आणि मी शत्रूला वरातीनं आणलं." अंबूबाईनं बरणी खाली ठेवली. "वर्षा, आत्ता आठवतंय, चहा आला तवा त्या शेतीखात्याच्या बाई काहीतरी म्हणत हुत्या बघ. ह्याच्यासारखाच दिसणारा दुसरा एक हाय, म्हणून. मी खारी बुडवत हुते."

वर्षाराणीला हसू आवरेना. आधी तिनं पदर तोंडावर धरला, मग तोही सुटला. सासूला हसावं की रडावं कळेना, पण हसणं संसर्गाचं असतं. कुंपणापलीकडून धोंडुबाई ओरडली, "काय झालं गं?" तर अंबूबाई म्हणाली, "ये, तुझं बेकार पोरगं कामाला लागलंय बघ. सगळा दोडका खाल्ला!"

त्या दिवसापासून नीट बघणं सुरू झालं. शेंड्यावरच्या माव्यात शोधल्यावर खरा ढालकिडाही सापडला, एकुलता एक. आता दोघांना शेजारी ठेवलं तर फरक आंधळ्यालाही कळावा. खऱ्याची पाठ घासलेल्या तांब्यासारखी लखलखीत आणि ठिपके मोजके. वांग्यावरचा मळकट, तांबूस, अंगावर बारीक लव, धूळ बसल्यागत, आणि ठिपके अंगभर सांडलेले. काळ्या अळ्या ही ह्या लखलखीताची पोरं, हे शेतीखात्याच्या बाईंना विचारून कळलं, पण अंबूबाईला पटायला दोन दिवस लागले. "एवढ्या देखण्या आईबापाला असलं ध्यान?" ती म्हणायची. "अहो, मोठं झाल्यावर सुधारत असतील की," वर्षाराणी म्हणायची.

मळकट किड्यांना हात लागला की ते पाय आखडून टपकन खाली पडायचे. म्हणून सासूनं वेलाखाली जुनं सूप धरायचं, सुनेनं पान हलवायचं आणि सुपात पडलेले साबणाच्या पाण्यात झाडायचे. पानामागच्या त्यांच्या पिवळ्या काटेरी अळ्याही तशाच गेल्या. धोंडुबाईही आली. किडे तिच्या वांग्यांवरचे, म्हणून तिला टोमणे खावे लागले, पण ती टोमण्यांबरोबर चहाही घेऊन जायची.

काळ्या सुसरी मात्र परसात फार उरल्या नव्हत्या. वर्षाराणीला त्याचं वाईट वाटत होतं. एके दुपारी आण्णा शेतातून आला तो टोपी डोक्यावर नाही, हातात उलटी धरून. टोपीत माव्यानं भरलेल्या चवळीच्या डहाळ्या आणि त्यांवर सुसरींची पिलावळ.

"बांधावरच्या चवळीवर हुत्या," तो अंबूबाईला म्हणाला. "पंप खांद्यावर हुता. मारणार तेवढ्यात तुझं थोबाड आठवलं."

"चवळीच्या माव्यात माझं थोबाड आठवलं?"

"भीतीनं गं," आण्णा म्हणाला.

वेल पत्र्याकडं सावरायला लागला. शेंडे उलगडले. पण खालच्या चाळणी झालेल्या पानांना काही पुन्हा गर भरत नाही. गौरीपूजनाच्या सकाळी अंबूबाईनं भिंतीवरचं पानन्‌पान तपासलं. सुपात मांडावं असं एकही नव्हतं. चांगली पानं होती ती सगळी पत्र्याच्या पार मधोमध, नव्या शेंड्याला. आण्णाचा गुडघा दुखरा, विजयसिंह गणपतीच्या मंडळात.

"शिडी धरा," वर्षाराणी म्हणाली. नवी पैठणी तिनं वर खोचली आणि कुणी नको म्हणायच्या आत ती पत्र्यावर होती.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. मीनाबाई उतरली, मागून तिच्या जावा, डोक्यावर रुमालानं झाकलेली सुपं. परसात आल्या तो समोर लेक गोठ्याच्या पत्र्यावर, गुडघ्यावर बसून पुढं सरकतेय.

"अगं बाई! इहीणबाई, माझ्या पोरीला सणाच्या दिवशी पत्र्यावर चढवलंसा व्हय?"

अंबूबाईच्या हातात शिडी. सोडता येईना, स्वागताला हात जोडता येईनात. खालची जाळीची पानं तर समोरच लटकत होती, झाकायची कशानं? मीनाबाईनं एक पान उचलून बघितलंच.

"ह्याच पानांचं एवढं ऐकलं हुतं आम्ही?"

"खोटं सांगत न्हाय," अंबूबाई म्हणाली. "ही पानं मी घालवली. चुकीचा किडा मित्र समजून घरात आणला. आणि वरची जी राहिल्यात, ती तुमच्या लेकीनं राखली. तिनं तोंड उघडून मला विचारलं नसतं, तर आज सुपात नुसती जाळी मांडायची पाळी आली असती."

मीनाबाईनं लेकीकडं वर बघितलं. जावा एकमेकींकडं बघत होत्या.

"माझ्या घरी तर हिला झुरळ दिसलं की पलंगावर चढायची," मीनाबाई हळूच म्हणाली. मग तिनं डोक्यावरचं सूप जावेकडं दिलं, पदर खोचला आणि शिडीची दुसरी बाजू पकडली. "सरका जरा. एकट्यानं शिडी धरत्यात व्हय? वर्षे, डावीकडचं बघ, ते मोठं हाय!"

"ते न्हाय घेता येत, आई," वर्षाराणी वरून ओरडली. "त्याच्यावर एक जण जेवायला बसलाय!"

"कोण?" मीनाबाई घाबरली.

"आमचाच हाय," अंबूबाई म्हणाली. "त्याला उठवू नकोस गं. पलीकडचं घे."

पाच पानं खाली आली, ताटलीएवढी, हिरवीगार. गल्लीतल्या बाकीच्या बायका नैवेद्याला पान मागायला ताटं घेऊन दारात येऊन थांबल्या होत्याच. वर्षाराणीनं वरूनच विचारलं, "आणखी किती लागतील?" आणि जावांपैकी थोरलीनं आपल्या चपला काढून शिडीवर पाय ठेवला.

"मला बी दाखव गं तो जेवणारा," ती म्हणाली.